हँडबॉलचे मैदान, मानकापूरची फाईल आणि पोलीस भरती: माझा अनुभव

नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत हँडबॉल खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक मला गेल्या काही महिन्यांपासून एकच गोष्ट विचारत आहेत. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र हातात असताना खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरी मिळवण्यासाठी नेमके काय करावे लागते, असा तो प्रश्न असतो. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी सुटते, म्हणून २०२३च्या पावसाळ्यापासून २०२५च्या अखेरीपर्यंत जे जे करावे लागले ते क्रमाने येथे लिहिते आहे. मी नागपूरची, मानेवाडा भागातली, गोलरक्षक. भारतासाठी खेळलेले नाही. महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, त्यातल्या एका स्पर्धेत संघाला तिसरा क्रमांक मिळाला, आणि पुढचे सगळे त्या एका कागदावर उभे राहिले.

सातवीत असताना शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी उंची पाहून मला गोलात उभे केले. हँडबॉलचा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असतो, समोरची खेळाडू ६ मीटरच्या रेषेआधी उडी मारून हवेतूनच फेकते, आणि गोलरक्षकाच्या हातात क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखे हातमोजे नसतात. महिलांचा चेंडू ३२५ ते ३७५ ग्रॅम वजनाचा असतो आणि तो मांडीवर लागला की दोन दिवस बसता-उठता आठवण करून देतो. आमचा सराव बहुतेक वेळा मातीच्या मैदानावर होत असे. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत आवरायचे, कारण त्यानंतर नागपूरचे ऊन मैदानावर थांबू देत नाही. लाकडी तळाच्या बंदिस्त सभागृहात ४० बाय २० मीटरच्या पूर्ण मैदानावर खेळायला मिळाले ते थेट राज्य संघाच्या सराव शिबिरात, आणि तेथे चेंडूचा टप्पा इतका वेगळा पडतो की पहिले दोन दिवस मी प्रत्येक खालचा फटका उशिराच अडवत होते. बूट तीन हजारांच्या आसपास, गुडघ्याचे पॅड आणि प्रवास हा सगळा खर्च त्या वर्षांत घरूनच झाला. बाबा शाळेची व्हॅन चालवतात. त्यांनी एकदाही हिशेब विचारला नाही, पण वहीत तो लिहिलेला असे हे मला माहीत होते.

नोकरीच्या दृष्टीने समजून घेण्याची पहिली गोष्ट अशी की एकाच खेळाच्या स्पर्धा तीन वेगवेगळ्या वाटांनी होतात आणि प्रत्येक वाटेचा कागद वेगळ्या हाताने दिलेला असतो. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय अशा चढत जातात. सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर या अजिंक्यपद स्पर्धा हँडबॉलची संघटना घेते. विद्यापीठाची वाट तिसरी. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय, पात्र ठरल्यास अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. मी तिन्ही वाटांनी खेळले, त्यामुळे कपाटात प्रमाणपत्रांची चळत होती. त्यातले नेमके कोणते चालते, हे मात्र मैदानावर कोणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी तर या वाटांप्रमाणे चार वेगळे नमुने ठरलेले आहेत: भारताचे प्रतिनिधित्व केले असेल तर नमुना १ राष्ट्रीय महासंघ देतो, राज्याचे केले असेल तर नमुना २ राज्य संघटना, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी नमुना ३ विद्यापीठाचा क्रीडा विभाग आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी नमुना ४ शिक्षण खाते. स्पर्धेचे रंगीत प्रमाणपत्र असले तरी हा नमुना स्वतंत्रपणे भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. स्पर्धा संपून पदाधिकारी एकत्र असतात तेव्हाच तो मागावा, कारण नंतर त्याच सहीसाठी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जावे लागते.

जून २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते आणि महाराष्ट्र आयर्नमेन विजेते ठरले. आम्ही मुली सराव संपल्यावर मोबाईलभोवती गोळा होऊन ते सामने पाहत होतो, आणि आपला खेळ असा झगमगाटात बघताना खरोखर आनंद झाला. पण ती लीग पुरुषांची होती. भारतीय मुलींनी मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानात आशियाई ज्युनिअर विजेतेपद जिंकले, दक्षिण आशियाई स्पर्धेत २०१६ आणि २०१९ अशी दोनदा सुवर्णपदके आणली, तरीही आपल्याकडे महिला हँडबॉलपटूने खेळावर पोट भरायचे म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा निमलष्करी दल अशा एखाद्या खात्यात शिरून त्या खात्याच्या संघातून खेळायचे, हाच अर्थ उरतो. मला यात कमीपणा वाटत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, सरावासाठी मिळणारी सवलत आणि पंचविशीनंतरही खेळत राहण्याचे कारण, हे सगळे एका नोकरीत मिळते. मात्र या नोकरीकडे जाणारा रस्ता मैदानातून कमी आणि कार्यालयांतून जास्त जातो, हे कोणीतरी लवकर सांगायला हवे होते.

आधी मी रेल्वेच्या चाचणीला गेले. तेथे १०० गुणांपैकी ४० गुण प्रत्यक्ष चाचणीचे, ५० गुण खेळातील कामगिरीचे आणि १० गुण शिक्षणाचे असतात. चाचणी चांगली झाली, परंतु कामगिरीच्या ५० गुणांत भारतीय संघाचा अनुभव असलेल्या मुलींपुढे माझी प्रमाणपत्रे उणी पडली. परतीच्या गाडीत वाईट वाटले, पण गुणांची ही विभागणी आधी वाचली असल्यामुळे धक्का बसला नाही. जाहिरात बारकाईने वाचण्याचा एवढा उपयोग होतो.

त्यानंतर राज्य शासनाच्या आरक्षणाकडे वळले. याचा आधार १ जुलै २०१६ चा शासन निर्णय आहे. ५ टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच खेळाडूंसाठी राखलेला वाटा), कमाल वयात ५ वर्षांची सवलत, आणि कोणत्या गटाच्या (अ, ब, क, ड) पदाला कोणत्या दर्जाची कामगिरी लागते याची वर्गवारी त्यात दिलेली आहे. तो छापून घेऊन पेन्सिलीने खुणा करत वाचावा. प्रमाणपत्र खरे असणे पुरेसे नसते, ते विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावे लागते आणि तुम्ही कोणत्या गटाच्या पदासाठी पात्र ठरता हे त्या पडताळणीत लिहून मिळते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत तर स्पष्ट म्हटलेले असते की अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वीच प्रमाणपत्र पडताळणीसाठी सादर केलेले असले पाहिजे. पोलीस भरतीसाठीही मी तोच हिशेब धरला आणि जाहिरात निघण्याची वाट न पाहता, नोव्हेंबर २०२३ मध्ये मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातील त्या कार्यालयाचा रस्ता धरला.

या संकुलात मी अनेकदा खेळले होते, पण कार्यालयाच्या बाजूला कधी फिरकले नव्हते. मेट्रो तिकडे जात नाही. सीताबर्डीहून कोराडीकडे जाणारी बस मानकापूरला सोडते, दुचाकी असेल तर सदर-छावणीमार्गे जाणे सोयीचे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोहोचावे. अर्जासोबत मी दिलेल्या संचात प्रमाणपत्राची प्रत, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, ओळखपत्र, त्या स्पर्धेची निकालपत्रके आणि संघाची खेळाडूंची यादी हे सगळे होते. मूळ कागद दाखवण्यासाठी बरोबर ठेवले. तेथील कर्मचाऱ्यांनी संच तपासला, एका प्रतीवर आवक क्रमांक टाकून दिला आणि म्हटले, ‘‘ताई, हा नंबर सांभाळा, पुढचं सगळं यावरच विचारायचं.’’ पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पुढे प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहावा लागला. आणखी एक सांगते, प्रमाणपत्रांचे लॅमिनेशन करू नये. शाई प्लास्टिकला धरते आणि शिक्का नीट दिसत नाही.

सांघिक खेळाची एक गंमत येथे कळते. प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक असतो, कोणी किती गोल केले किंवा किती फटके अडवले याचा उल्लेख नसतो. उपांत्य सामन्यात साठ मिनिटे मैदानावर असलेली आणि बाकावरून एकदाही न उठलेली अशा दोघी कागदावर सारख्याच, आणि यादीत जिचे नाव नाही ती खेळलीच नव्हती असे समजले जाते. म्हणून प्रमाणपत्राइतकीच, किंबहुना थोडी जास्त, संघाची अधिकृत यादी महत्त्वाची ठरते. स्पर्धा कोणत्या संघटनेने घेतली, ती त्या वर्षी मान्यताप्राप्त होती का, किती संघ उतरले होते, हेही पाहिले जाते. आपल्या देशात हँडबॉलच्या कारभारावर एकापेक्षा अधिक गटांनी हक्क सांगितल्याची वर्षे होऊन गेली आहेत आणि त्या वर्षांतल्या मुलींना याचा फार त्रास झाला. खेळणाऱ्या मुलीने निवड चाचणीला जाण्यापूर्वी मान्यतेचे पत्र मागावे, असे मी आता सांगते, आणि ते मागताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला किती संकोच वाटतो हेही मला ठाऊक आहे. अशा वेळी पालकांनी पुढे व्हावे.

माझ्या फाईलमध्ये अडचण वेगळीच निघाली. स्पर्धा घेणाऱ्या संघटनेने दिलेल्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर चुकीचे छापलेले होते आणि संघाच्या यादीत आडनावाचे स्पेलिंग निराळे होते. दहावीच्या गुणपत्रिकेशी दोन्ही जुळत नव्हते. उपसंचालक कार्यालयाने खातरजमेसाठी संघटनेला पत्र पाठवले आणि मला नावातील फरकाबाबत प्रतिज्ञापत्र देण्यास सांगितले. सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतू केंद्रात ते काम झाले. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे बाहेर कोणी महागडा स्टॅम्प पेपर घ्यायला सांगितले तर आधी आत चौकशी करावी. प्रतिज्ञापत्र मी दिले, पण संघटनेचे उत्तर येईना. डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा सरला. फोन केला की ‘पत्र मिळाले नाही’, पुन्हा केला की ‘सचिव दौऱ्यावर आहेत’. त्या आठवड्यांत मी फार चिडचिडी झाले होते. ज्या स्पर्धेतल्या फटक्याचा व्रण अजून कोपरावर आहे, ती स्पर्धा मी खेळले होते हे सिद्ध करण्यासाठी कोणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागत होती. आई म्हणायची, ‘‘फोनवर कोणी ऐकत नसतं, तू जाऊन उभी राहा.’’

शेवटी पत्राची प्रत, आवक क्रमांक, प्रतिज्ञापत्र आणि दहावीची गुणपत्रिका असा तयार संच घेऊन रात्रीच्या गाडीने संघटनेच्या कार्यालयात गेले. माझ्या जुन्या प्रशिक्षक सरांनी आधी फोन करून ठेवला होता. उत्तराचा मसुदाही मी लिहूनच नेला होता: अमुक खेळाडू अमुक स्पर्धेत महाराष्ट्र संघात होती, प्रमाणपत्रातील नाव आणि गुणपत्रिकेतील नाव एकाच व्यक्तीचे आहे. मसुदा समोर असल्यामुळे ते पत्र त्याच दुपारी टंकून, सही-शिक्क्यासह मिळाले. त्याची एक प्रत ई-मेलने आणि एक टपालाने उपसंचालक कार्यालयाला त्यांच्याकडूनच पाठवून घेतली, कारण खातरजमेचे उत्तर संघटनेकडून थेट यावे लागते, उमेदवाराने हाती आणून दिलेले पत्र त्यासाठी पुरत नाही. काही वर्षांपूर्वी राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, त्यानंतर ही काळजी घेतली जाणे मला योग्यच वाटते. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी पडताळणी अहवाल हाती आला.

मार्च २०२४ मध्ये पोलीस भरतीचे अर्ज सुरू झाले. त्या वेळी राज्यभरात १७,४७१ पदे होती. शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये. अर्जात खेळाडू हा पर्याय निवडून प्रमाणपत्राचा तपशील भरावा लागतो, तो पडताळणी अहवालातून जसाच्या तसा उतरवावा.

खेळाडू आहे म्हणून मैदानी चाचणी सोपी जाईल हा समज मनातून काढून टाकावा. महिलांसाठी ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि ४ किलोचा गोळाफेक १५ गुण, अशी ती ५० गुणांची असते. पूर्ण गुण हवे असतील तर ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर जावा लागतो. मी अनेक वर्षे गोलात दोन पावले इकडे, दोन तिकडे अशी उभी राहिलेली. झटक्याने हलणे अंगात होते, त्यामुळे १०० मीटर लवकर बसले. ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत मात्र छाती भरून येत असे आणि त्यासाठी सराव मुळापासून बदलावा लागला. गोळाफेकीत तर हँडबॉलची सवय आडवी येते. आम्ही कोपर मागे नेऊन फेकतो, गोळा मानेजवळून ढकलायचा असतो, आणि हँडबॉलसारखा फेकायला गेले तर खांदा दुखावतो. रेशीमबागेकडच्या एका मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या गटात मी सामील झाले. तेथे मला हँडबॉलबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, आणि ते बरेच झाले.

१९ जून २०२४ पासून मैदानी चाचण्या सुरू झाल्या, ऐन पावसाच्या तोंडावर. आदल्या रात्री पाऊस पडला की सकाळी चाचणी होईल की पुढे ढकलली जाईल हे कळत नसे, आणि बाहेरगावच्या मुलींचे त्यात फार हाल झाले. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुक्कामाची सोय एक दिवस जास्तीची करून ठेवावी. उंची १५५ सेंटिमीटर लागते, तेथे मला अडचण नव्हती. धावण्याच्या नोंदी चिपने होतात, पण आपला उमेदवार क्रमांक आणि वेळ त्याच ठिकाणी वाचून मगच सही करावी.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. मैदानी चाचणीत किमान ५० टक्के मिळवलेल्यांतून पदांच्या दहापट उमेदवारांना लेखीला बोलावतात, आणि लेखीत ४० टक्के गुण लागतात. शिबिरे आणि स्पर्धांमुळे माझे गणित दहावीनंतर सुटलेच होते, म्हणून पहाटे मैदान आणि रात्री सरावसंच असा क्रम ठेवला. खेळाडूंच्या जागांसाठी स्पर्धा कमी असते असे लोक म्हणतात. जागाही तितक्याच कमी असतात.

निवड यादीत नाव आल्यावर कागदपत्र तपासणीला मूळ प्रमाणपत्र, मूळ पडताळणी अहवाल आणि नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र हे तिन्ही पुन्हा दाखवावे लागले. आधीच्या हेलपाट्यांचे येथे सार्थक झाले, माझी तपासणी काही मिनिटांत उरकली. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी झाली, आणि २०२५च्या सुरुवातीला नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणाला गेले. त्या काळात हँडबॉल जवळजवळ बंद असतो, हे मनाशी धरून जावे. कवायत, कायद्याचे विषय, गोळीबाराचा सराव यांत दिवस संपतो. मी रोज संध्याकाळी खांद्याचे आणि घोट्याचे व्यायाम तेवढे चालू ठेवले. राज्य पोलीस आणि अखिल भारतीय पोलीस क्रीडा स्पर्धांत हँडबॉल आहे, त्यामुळे प्रशिक्षण संपल्यावर आपल्या पोलीस घटकाच्या (जिल्हा किंवा आयुक्तालयाच्या) क्रीडा विभागात आपले नाव आणि प्रमाणपत्रांच्या प्रती लेखी अर्जासह देता येतात. तो अर्ज मी दिला आहे आणि निवड चाचणीच्या तारखेची वाट पाहते आहे.

माझ्याबरोबर डाव्या बाजूने खेळणाऱ्या मैत्रिणीची फाईल अजून पुढे सरकलेली नाही. ती ज्या स्पर्धेत खेळली तिचा अहवाल आयोजकांकडून आलेला नाही, आणि तिच्याकडे प्रमाणपत्राखेरीज दुसरा कागद नाही. सध्या आम्ही त्या संघातल्या इतर मुलींकडून निवडपत्र, शिबिराचे पत्र, सामन्यांच्या निकालांची वृत्तपत्रातली कात्रणे असे जे मिळेल ते गोळा करत आहोत. आपल्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली आणि कोणते कागद कमी आहेत याची माहिती तिने माहितीच्या अधिकारात मागवली आहे. त्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. उत्तर आले की त्यातला उपयोगी भाग येथेच जोडेन.